बेल्दियाचा हात : तोस्कानातील सहा दिवस

पहिला दिवस : फ्लॉरेन्स

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मी ३४ वर्षे परिचारिका होते. पहिली सहा वर्षे प्रसूतिकक्षात गेली आणि उरलेली बहुतेक सगळी पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात. निवृत्तीनंतर जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीकडे गेले, तेव्हा तिने इटलीच्या सहलीचा विषय काढला आणि संग्रहालयांची एक यादी माझ्यासमोर ठेवली. मी तिला म्हटले, की राजवाडे आणि पुतळे नंतर कधी पाहू. मला प्रबोधनकाळातल्या चित्रकारांनी आजारी माणसे, बाळंतिणी आणि त्यांची उस्तवार करणारे लोक कसे रंगवले ते बघायचे आहे. तिने यादी बदलली आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी इटलीतल्या तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्सला पोहोचलो.

सामान ठेवून आम्ही थेट गेलो ते टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बांधलेल्या ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’ या वास्तूकडे. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये हे काम वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांच्याकडे सोपवले आणि १४४५ मध्ये संस्था सुरू झाली. त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीला, म्हणजे संत आगाथाच्या सणाच्या दिवशी, इथे पहिले मूल आले. ती मुलगी होती आणि तिचे नाव आगाता स्मेराल्दा असे ठेवण्यात आले. संत आगाथा ही दूध पाजणाऱ्या दायांची रक्षणकर्ती मानली जाते, म्हणून सणावरून ठेवलेले ते नाव मला फार साजेसे वाटले, कारण त्या मुलीला त्या घटकेला सर्वांत आधी दुधाचीच गरज असणार.

इमारतीपुढे कमानींची लांबलचक ओसरी आहे आणि कमानींच्या मधोमध निळ्या वर्तुळांत एकेक तान्हे बाळ आहे. भाजलेल्या मातीवर काचेसारखा चकाकता लेप चढवून ही बाळे आंद्रेआ देल्ला रोब्बिया यांनी १४८७ मध्ये घडवली. ओसरीच्या पायऱ्यांवर बसून मी ती एकामागून एक पाहिली. प्रत्येकाचे हात थोडे पसरलेले आहेत आणि छातीपासून पायापर्यंत पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत. काहींच्या पट्ट्या घट्ट आहेत, तर काहींच्या सुटत चालल्या आहेत. मूल दुपट्यात बांधण्याची आपल्याकडची रीत मी हजारो वेळा हातांनी केली आहे, आणि पट्टी सुटू लागली की मूल आधी पाय मारते की हात बाहेर काढते, हे मला पाहताक्षणी कळते. ज्याने ही वर्तुळे घडवली त्यालाही ते कळत होते.

ओसरीच्या एका टोकाला जाळीची खिडकी आहे. तिच्यातून मूल आत देऊन आई निघून जात असे. १८७५ मध्ये ही सोय बंद झाली. आतल्या संग्रहालयात छोट्या छोट्या खणांत मुलांसोबत ठेवलेल्या खुणा जपल्या आहेत. अर्धे कापलेले पदक, मणी, दोऱ्यात ओवलेले नाणे अशा या वस्तू बहुतेक नंतरच्या काळातल्या आहेत, पण त्यांमागची आशा एकच: उरलेला अर्धा भाग घेऊन आई कधीतरी परत येईल. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ मध्ये, आणि ज्या १८७५ साली ही खिडकी बंद झाली त्याच वर्षी पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू केला. खणांसमोर उभी असताना या दोन्ही घरांची मला सारखी आठवण येत होती.

वर डोमेनिको गिर्लांदायो यांनी १४८८ मध्ये इथल्या वेदीसाठी रंगवलेले, तान्ह्या येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचे ‘मागी राजांचे वंदन’ हे चित्र आहे. भरजरी राजे आणि त्यांच्या भेटवस्तू यांच्या पुढ्यात अगदी समोर दोन लहान मुले गुडघे टेकून बसली आहेत. येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारवलेल्या निष्पाप बालकांपैकी ती दोघे असून त्यांच्या अंगावर जखमा स्पष्ट दिसतात. मागे दूरवर ती कत्तलही रंगवलेली आहे. जी मुले वाचली, त्यांच्या प्रार्थनेच्या जागी न वाचलेल्यांना पुढे बसवायचे हा निर्णय ज्याने घेतला, त्याने त्या घरातले मृत्यू जवळून पाहिलेले असावेत.

त्याच चौकात सांतिस्सिमा आनुन्झियाता हे मेरीचे चर्च आहे. कधीकाळी इथे नवस फेडणाऱ्यांनी दिलेल्या मेणाच्या पूर्णाकृती मूर्तींची दाटी होती. १४७८ मध्ये खुनी हल्ल्यातून बचावल्यावर फ्लॉरेन्सचे सत्ताधारी लोरेंझो दे मेदिची यांचीही मेणाची प्रतिमा इथे वाहिली गेली. त्या मूर्ती आता नाहीत. मी मुलीला वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेची आठवण करून दिली. तिथे मेणाचे हात, पाय, बाळे आजही विकत मिळतात. आमच्या वॉर्डात पाय कापावा लागेल की वाचेल अशा धाकात असलेल्या कितीतरी माणसांच्या घरच्यांनी, हिंदू असोत की ख्रिस्ती, तिथे मेणाचा पाय वाहिला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा काहीसा मऊ पडलेला तुकडा प्रसाद म्हणून मला आणून दाखवला होता.

दुसरा दिवस : फ्लॉरेन्स

सकाळी सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील तोर्नाबुओनी घराण्याच्या प्रार्थनास्थानात गेलो. १४८५ ते १४९० या काळात गिर्लांदायो आणि त्यांच्या कार्यशाळेने इथल्या उंच भिंती मेरी आणि येशूला बाप्तिस्मा देणारे संत योहान यांच्या चरित्रांनी भरून काढल्या. विषय धार्मिक असले तरी दोन जन्मांची दृश्ये म्हणजे फ्लॉरेन्समधल्या श्रीमंत घरातल्या बाळंतिणीच्या खोल्याच आहेत. मेरीच्या जन्माच्या चित्रात एक दासी उंचावरून पाण्याची धार परातीत सोडते आहे आणि बाळ दुसरीच्या मांडीवर आहे. योहानाच्या जन्माच्या चित्रात बाळंतीण पलंगावर टेकून बसली आहे, दाई बाळाला पाजते आहे, तिच्या शेजारची बाई बाळ घेण्यासाठी दोन्ही हात पुढे करते आहे आणि एक मुलगी डोक्यावर फळे घेऊन इतक्या लगबगीने आत येते आहे, की तिच्या कपड्यांत वारा भरला आहे. नव्या बाळाच्या घरात कुणाला बसायला फुरसत नसते, त्यामुळे मला सगळ्यांत खरी वाटली ती ही मुलगीच.

मग मुलीने माहितीपत्रक वाचून दाखवले आणि मी त्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ज्यांनी हे काम करवून घेतले, त्या जोव्हान्नी तोर्नाबुओनी यांची पत्नी फ्रांचेस्का पित्ती १४७७ मध्ये रोममध्ये बाळंतपणात वारली होती. चित्रे रंगवणे चालू असतानाच, १४८८ मध्ये, त्यांची सून जोव्हान्ना देल्यी आल्बिझ्झी दुसऱ्या खेपेच्या गरोदरपणात गेली. ती जेमतेम विशीची होती. समोरच्या भिंतीवर मेरी आणि योहानाची आई एलिझाबेथ या दोन गरोदर स्त्रियांच्या भेटीचे दृश्य आहे, त्यात सोनेरी जरीच्या पोशाखात ताठ उभी असलेली तरुणी ती हीच. म्हणजे वर बाळंतिणी सुखरूप आहेत, पाणी तापले आहे, फळे येत आहेत, आणि चित्राच्या मालकाच्या घरातल्या दोघी त्याच प्रसंगात गेलेल्या आहेत. प्रसूतिकक्षात काम केलेल्या बाईला या भिंतीसमोरून लवकर निघता येत नाही. रक्तस्राव थांबत नाही म्हणून धावपळ करताना जे चेहरे मी पाहिले होते, त्यांतले दोन-तीन मला नावासकट आठवले.

पालाझ्झो दाव्हान्झाती या जुन्या घरात आम्ही तासभरच थांबलो. दोर आणि कप्पीने प्रत्येक मजल्यावर पाणी ओढून घेता येईल अशी घरातली विहीर आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर पाहून चित्रांतल्या त्या परातीत पाणी येत कसे असेल याचा उलगडा झाला. इथे बाळंतिणीला खाणे नेऊन देण्याचे रंगवलेले लाकडी ताटही आहे. ‘लो स्केज्जा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने त्यावर तरुणांचा एक खेळ रंगवला आहे. आपण बाळंतविडा नेतो, तसेच हे ताट नवजात बाळाच्या घरी कौतुकाने दिले जाई आणि नंतर भिंतीवर टांगले जाई.

संध्याकाळी सान मार्तिनोच्या छोट्याशा प्रार्थनागृहात गेलो आणि त्या दिवसाची माझी सगळी उदासी तिथे निवळली. संत आंतोनिनो यांनी १४४२ मध्ये बारा गृहस्थांची एक मंडळी स्थापन केली. त्यांनी मदत करायची ती ज्यांना हात पसरायची लाज वाटते अशा अब्रूदार गरिबांना, आणि तीही गाजावाजा न करता. ती मंडळी आजही काम करते. पैसे संपले की दाराशी मेणबत्ती लावायची, म्हणजे शहराला कळेल, अशी तिची प्रथा आहे. गिर्लांदायो यांच्या वर्तुळातल्या चित्रकारांनी इथल्या कमानदार भिंतींवर मंडळींची कामे रंगवली आहेत. आजाऱ्याच्या भेटीचे जे दृश्य आहे, त्यात आजारी कुणी म्हातारा दाखवलेला नाही, तिथे बाळंतीण आहे. मंडळींचे दोघे-तिघे वाइन, कोंबडी आणि बाळासाठी कापड घेऊन आले आहेत. घर साधे आहे. सकाळी पाहिलेल्या तोर्नाबुओनींच्या पलंगापुढे हा पलंग काहीच नाही, पण बाळंतिणीला पाचव्या-सहाव्या दिवशी नेमके काय हवे असते ते या माणसांना कळले आहे. आमच्या वॉर्डात तिसऱ्या बाळंतपणाला आलेल्या, डब्यात नुसता भात आणणाऱ्या बायकांसाठी एक वयस्कर आयाबाई स्वतःच्या पगारातून डिंकाचे लाडू करून आणायच्या आणि ‘उरले होते घरात’ असे सांगून उशाशी ठेवायच्या.

तिसरा दिवस : फ्लॉरेन्स

सान मार्कोच्या मठात फ्रा आंजेलिको यांनी रंगवलेल्या वेदीचित्राच्या तळपट्टीतील एक छोटे चित्र आम्ही प्रथम पाहिले. कॉस्मस आणि डेमियन हे दोन वैद्य-संत, डोक्यामागे प्रभावळ असलेले, झोपलेल्या जस्टिनियन या सेवकाचा कुजलेला पाय काढून त्या जागी नुकत्याच मेलेल्या एका इथिओपियन माणसाचा काळा पाय बसवत आहेत. ‘मेदिची’ या आडनावाचा अर्थच वैद्य असा होतो आणि त्या घराण्यातल्या कोसिमो यांचे नाव कॉस्मसवरून आले, म्हणून त्या घराण्याने या दोन संतांना आपलेसे केले होते. गोरा देह आणि काळा पाय यांच्यामधली रेघ चित्रकाराने अगदी शांतपणे रंगवली आहे. मला मात्र ज्याचा पाय घेतला त्या माणसाविषयी वाईट वाटले. कथेत त्याला नावसुद्धा नाही. आज आमच्याकडे अवयवदान करणाऱ्याच्या नातेवाइकांसमोर संपूर्ण वॉर्ड उभा राहतो. त्या प्रथेचे महत्त्व मला या पाच शतकांपूर्वीच्या फळीपुढे नव्याने जाणवले.

तिथून सांता मारिया नुओव्हा. १२८८ मध्ये फोल्को पोर्तिनारी यांनी स्थापन केलेले हे रुग्णालय आजही चालू आहे, आणि मला त्याच्या दाराशी उभे राहून आत-बाहेर करणारे स्ट्रेचर, डबे घेऊन बसलेले नातेवाईक पाहायला फार बरे वाटले. लिओनार्दो दा व्हिन्ची यांनी स्वतःला शंभर वर्षांचा म्हणवणाऱ्या एका वृद्धाशी इथेच गप्पा मारल्या होत्या आणि तो शांतपणे गेल्यावर मृत्यूचे कारण शोधण्यासाठी त्याचे विच्छेदनही केले होते. पोर्तिनारींच्या घरात मोन्ना तेस्सा नावाची एक दासी होती. धन्याला रुग्णालय काढायला तिनेच प्रवृत्त केले आणि इथे रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांच्या संघाची ती पहिली, असे परंपरा सांगते. आमच्या प्रशिक्षणात नाइटिंगेलबाईंपासून सुरुवात व्हायची. त्यांच्या साडेपाचशे वर्षे आधीच्या या बाईचे नाव मी साठी उलटल्यावर ऐकले.

या रुग्णालयाच्या चर्चसाठी करवून घेतलेले चित्र आता उफीत्सी संग्रहालयात आहे, म्हणून दुपारी तिकडे गेलो. फोल्को यांचे वंशज तोम्मासो पोर्तिनारी हे मेदिचींच्या पेढीचे ब्रूजमधले (आजच्या बेल्जियममधले) प्रतिनिधी होते. त्यांनी ह्यूगो व्हान देर गूस यांच्याकडून येशूच्या जन्माचे तीन फळ्यांचे वेदीचित्र रंगवून घेतले आणि १४८३ मध्ये ते जहाजाने इथे आणवले. चित्र पूर्ण उघडले की साडेपाच मीटरांहून अधिक रुंद होते. मधोमध तान्हा येशू उघड्या जमिनीवर, पाळणा-कपडा काही नसताना ठेवलेला आहे, आणि त्याच्यासमोर दोन भांड्यांत फुले आहेत. एक पाण्याचा काचेचा पेला आहे. दुसरे भांडे नीट पाहिले आणि मी मुलीचा हात धरला: ती औषधवाल्याची बरणी आहे. मधे किंचित निमुळती, चिनी मातीसारखी चकाकणारी, मलम आणि चाटण ठेवायला सगळ्या रुग्णालयांत असायची तशी. तिच्यात कमळासारखी उमललेली आयरिस आणि लिलीची फुले खोवली आहेत. हे चित्र ज्यांच्या समोर असायचे ते लोक आजारी तरी होते किंवा आजाऱ्यांची सेवा करणारे तरी, आणि त्यांच्या रोजच्या हाताळणीतली एक बरणी चित्रकाराने देवाच्या पुढ्यात ठेवली. बाजूच्या फळ्यांवर संत अँथनी आहेत, ज्यांना अंगाची आग करणाऱ्या रोगात हाक मारली जाई, आणि संत मार्गारेट आहेत, ज्यांचा धावा बाळंतिणी करत. मला वाटते, हे चित्र संग्रहालयात कितीही छान लावले असले तरी त्याची खरी जागा खाटांच्या रांगेजवळच आहे.

चौथा दिवस : पिस्तोइया

आगगाडीने पाऊण तासात पिस्तोइयाला आलो. इथले ‘ओस्पेदाले देल चेप्पो’ हे १२७७ मध्ये स्थापन झालेले रुग्णालय २०१३ पर्यंत चालू होते. चेप्पो म्हणजे झाडाचे खोड. पोकळ खोडात दान टाकण्याच्या चालीवरून हे नाव आले. इमारतीच्या ओसरीवर, कमानींच्या वर, रंगीत चकाकत्या मातीची लांब पट्टी आहे आणि तिच्यावर सात दयाकृत्ये कोरली आहेत: उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट, मृताचे दफन, भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी. रुग्णालयाचे प्रमुख लिओनार्दो बुओनाफेदे यांनी १५२०च्या दशकात हे काम करवून घेतले. बहुतेक पट्ट्या सांती बुल्योनी यांच्या असून पाण्याचे शेवटचे दृश्य १५८०च्या दशकात फिलिप्पो पालादिनी यांनी पूर्ण केले. बुओनाफेदे स्वतः कार्थुसियन या साधुपंथाच्या झग्यात बहुतेक प्रसंगी हजर दिसतात.

आजाऱ्यांच्या दृश्यात वैद्य नाडी पाहत आहे आणि लघवीची काचेची सुरई हाताशी आहे. त्या काळात लघवीचा रंग, गढूळपणा आणि तळाचा गाळ पाहून शरीरातल्या चार द्रवांचा तोल ठरवला जाई, त्यामुळे ही सुरई म्हणजे वैद्याची ओळखच होती. मुलीला हे ऐकून किळस आली. मी तिला सांगितले, की मी नोकरीला लागले तेव्हा मधुमेही रुग्णाची साखर आम्हीही अशीच पाहत होतो: परीक्षानळीत ५ मिलिलिटर बेनेडिक्टचे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळवायचे, निळे राहिले तर ठीक, हिरवे-पिवळे झाले तर साखर, आणि विटकरी झाले तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. सकाळी सहाला अर्ध्या झोपेत खिडकीच्या उजेडाकडे धरलेली ती नळी आणि इथली सुरई यांत मला फारसे अंतर वाटत नाही. पाऊस आल्यामुळे बाकीचे शहर राहिलेच.

पाचवा दिवस : सिएना

फ्लॉरेन्सहून सव्वा तासाच्या बसप्रवासानंतर सिएना. सांता मारिया देल्ला स्काला हे रुग्णालय मुख्य चर्चच्या पायऱ्यांसमोर आहे आणि त्या पायऱ्यांवरूनच त्याला हे नाव मिळाले. शिडी ही त्याची खूण. त्याचा उल्लेख १०९० च्या कागदपत्रांत सापडतो. रोमकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर ते असल्यामुळे आधी आसरा, मग औषधोपचार आणि त्यासोबत अनाथ मुले, अशी त्याची वाढ झाली. आपल्याकडे वारीच्या वाटेवर पायांना तेल लावून देणारे, फोड बांधून देणारे लोक मुक्कामोमुक्कामी असतात, त्यामुळे यात्रा आणि दवाखाना यांचे नाते मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

पेल्लेग्रिनायो, म्हणजे यात्रेकरूंचा दालनवजा वॉर्ड, लांब आणि उंच आहे. १४४० नंतरच्या चार-पाच वर्षांत दोमेनिको दि बार्तोलो, वेक्किएत्ता आणि प्रियामो देल्ला क्वेर्चा यांनी त्याच्या दोन्ही भिंती रुग्णालयाच्याच इतिहासाने आणि कामाने रंगवल्या. विसाव्या शतकातही या चित्रांखाली रुग्णांच्या खाटा होत्या. आज खाटा नाहीत, पण दालनात शिरताच मी सवयीने डाव्या-उजव्या बाजूच्या खाटांचा अंदाज घेतला आणि परिचारिकेचे टेबल कुठे असेल तेही ठरवले.

दोमेनिको दि बार्तोलो यांच्या ‘आजाऱ्यांची शुश्रूषा’ या चित्रासमोर आम्ही सव्वा तास होतो. मधोमध मांडीवर खोल जखम असलेला एक तरुण जवळजवळ उघडा बसला आहे आणि एक माणूस त्याच्यापुढे वाकून त्याला धुतो आहे. एकीकडे दोन वैद्य सुरई उजेडाकडे धरून चर्चा करत आहेत. दुसरीकडे एक भिक्षू एका स्थूल रुग्णाच्या कानाशी वाकून त्याची पापकबुली ऐकतो आहे. कुणाला खाटेवर नीट निजवले जात आहे, कुणाला डोलीवर आणले जात आहे, आणि या सगळ्यांच्या पुढे जमिनीवर एक कुत्रा आणि एक मांजर एकमेकांवर गुरगुरत आहेत. सरकारी वॉर्डात राहिलेल्या कुणालाही हे मांजर ओळखीचे वाटेल. सकाळच्या फेरीला सर, शिकाऊ डॉक्टर, नातेवाईक, झाडूवाले, औषधांची गाडी आणि एखाद्या खाटेपाशी हळू आवाजात जप करणारे कुणीतरी, असे सगळे एकाच वेळी एकाच खोलीत असते, आणि त्या गर्दीच्या मध्यभागी कुणीतरी एकजण खाली बसून कुणाची तरी जखम धूत असतो. त्याच्याकडे त्या वेळी कुणाचे लक्ष नसते. इथे चित्रकाराने त्यालाच मध्यावर बसवले आहे आणि वैद्यांना कडेला ठेवले आहे. मी कलेची जाणकार नाही. पण हा निर्णय घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

याच चित्राबद्दल मनात एक खंतही आहे. शुश्रूषा करणारे सगळे पुरुष आहेत. बायका दिसतात त्या शेजारच्या चित्रांत, जिथे टाकून दिलेल्या मुलींना आत घेऊन, दायांकडून पाजून, शिकवून, शेवटी हुंडा देऊन त्यांचे लग्न लावले जाते. दालनाच्या टोकाला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेली आणखी दोन दृश्ये आहेत, त्यांत दायांना त्यांच्या कामाची मजुरी धान्याच्या आणि पैशाच्या रूपाने मोजून दिली जात आहे. दुधाचा मोबदला मोजून देण्याची ही नोंद भिंतीवर कायमची ठेवावीशी वाटली, हे मला आवडले. वेक्किएत्ता यांच्या चित्रात हीच अर्भके शिडीने चढून मेरीकडे जाताना दिसतात. तो स्वप्नाचा प्रसंग आहे, आणि खाली धान्याचे माप भरणारे हात हा त्याचा हिशेब.

खालच्या मजल्यावर संत कॅथरिन यांच्या नावाचे एक छोटे प्रार्थनास्थान आहे. १३४७ मध्ये सिएनात जन्मलेल्या कॅथरिन या रुग्णालयात रात्री-बेरात्री आजाऱ्यांची सेवा करत आणि थकल्यावर इथे विसावत, असे सांगतात. रात्रपाळीला तीन ते चारच्या मध्ये जो थकवा येतो, तो ज्याला माहीत आहे, त्याला ती अंधारी कोनाड्याएवढी जागा दाखवायला मार्गदर्शकाची गरज नाही.

सहावा दिवस : सान जिमिन्यानो

पोज्जिबोन्सीला बस बदलून आम्ही उंच बुरुजांच्या या गावात आलो. सांत’आगोस्तिनो चर्चमध्ये बेनोझ्झो गोझ्झोली यांनी १४६४ च्या प्लेगनंतर रंगवलेला, प्लेगपासून वाचवणारा मानला जाणारा संत सेबास्टियन आहे. इतरत्र तो बाणांनी विंधलेला असतो. इथे तो पूर्ण वस्त्रांत उभा राहून आपल्या झग्याखाली गावकऱ्यांना घेतो आणि वरून आलेले बाण मोडून पडतात. आम्ही मात्र आलो होतो ते मुख्य चर्चमधील संत फीना यांच्या प्रार्थनास्थानासाठी.

फीना या गावची मुलगी. दहाव्या वर्षी तिला असा आजार जडला की हलता येईना. पाच वर्षे ती एका लाकडी फळीवर पडून राहिली आणि १२ मार्च १२५३ रोजी गेली. पाठीला जखमा होऊन अंग फळीला चिकटले होते, असे कथा सांगते. भाविक त्यात तपश्चर्या पाहतात. मला त्यात शय्याव्रण दिसले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, हाडाच्या टोकांखाली मऊ गादी द्यायची, हे आम्ही पहिल्या वर्षात शिकतो, कारण तसे नाही केले तर माणूस मूळ आजाराने नव्हे, पाठीच्या जखमेने जातो. फीनाची देखभाल करणारी बेल्दिया नावाची दाई होती. वर्षानुवर्षे आजारी मुलीच्या डोक्याखाली हात देऊन तिचा स्वतःचा हात लुळा पडला होता.

गिर्लांदायो यांनी १४७०च्या दशकात, म्हणजे तोर्नाबुओनींच्या भिंतींच्या दहाएक वर्षे आधी, इथे दोनच दृश्ये रंगवली. पहिल्यात साध्या, जवळजवळ रिकाम्या खोलीत फीना जमिनीवरच्या फळीवर आहे, शेजारी दोन बायका आहेत आणि संत ग्रेगरी प्रकाशाच्या वर्तुळात येऊन तिच्या मृत्यूचा दिवस सांगत आहेत. दुसऱ्यात तिचा अंत्यविधी आहे: बिशप पोथी वाचत आहे, मुले मेणबत्त्या धरून आहेत, मागे गावचे बुरुज दिसतात आणि एक देवदूत घंटा वाजवतो आहे. या सगळ्या मानाच्या माणसांच्या पलीकडे, पार्थिवाला लगटून, बेल्दिया वाकली आहे, आणि मेलेल्या मुलीचा हात उचलला जाऊन तिच्या लुळ्या हाताला लागला आहे. फीनाचा हा पहिला चमत्कार मानतात. संतपदाला पोहोचलेल्या मुलीने आधी राजाचे किंवा आंधळ्याचे काही केले नाही. जिने तिची मान सांभाळली तिचा हात तिने बरा केला. गावकऱ्यांनी शतकानुशतके ही गोष्ट अशीच सांगत ठेवली आणि चित्रकाराने ती अशीच रंगवली. मी चर्चमधल्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाही. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त तिची ओढणी माझ्या हातात दिली.

फीनाच्या नावाने आलेल्या दानातून गावात रुग्णालय निघाले होते. त्याच्या औषधशाळेच्या बरण्या आता इथल्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत, आणि पोर्तिनारींच्या चित्रातल्या बरणीची भावंडे तिथे रांगेत दिसली. परतताना बुरुजांच्या फटींत पिवळी फुले उमललेली होती. फीना गेली तेव्हा तिच्या फळीवर हीच फुले उगवली, असे लोक सांगतात आणि त्यांना तिचेच नाव देतात.

रात्री खोलीवर आल्यावर मुलीने विचारले, “आई, मान अशी धरली तर हात किती वेळात अवघडतो गं?” मी म्हटले, “दहा मिनिटांत मुंग्या येतात. पंधराव्या मिनिटाला हात आपला वाटत नाही. मग दुसरी सिस्टर आली की बदलायचा.” ती पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, “दाखव.” मी डावा तळहात तिच्या मानेखाली सरकवला, बोटे उघडी ठेवली, कोपर उशीवर टेकवले आणि घड्याळ समोर ठेवले. सात मिनिटे झाली तोवर तिला झोप लागली होती. बाराव्या मिनिटाला मुंग्या करंगळीपासून सुरू झाल्या, नेहमी होतात तशाच, आणि हात काढण्याची मला काही घाई नव्हती.